वजनाच्या ऑपरेशननंतर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी हे वाचा

वजन कमी करण्याचं पोटाचं ऑपरेशन होऊन पाचवा आठवडा चालू होता. पुण्याहून परतून मी घरी होते, अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात. पंधरा दिवस पोटात काही टिकत नव्हतं. वरणाचं पाणी, ताक, नारळपाणी, जे घेईन ते परत. जो तो म्हणे, पोट लहान केलंय, सवय व्हायला वेळ लागणारच. गावातल्या दवाखान्यात सलग तीन दिवस ग्लुकोजची बाटली लागली. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीकडे जाताना पाय जागीच मुडपले. "पाय कशामुळं लटपटायलेत गं तुझे?" सासूबाई ओरडल्या. त्यांच्याकडे पाहिलं तर मला दोन सासूबाई दिसत होत्या. छातीत धडधड, नाडी १३० च्या पुढे.

धाकट्या दिरांनी गाडीत घालून सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी पोटावरचे छोटे व्रण पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "उलट्या किती दिवसांपासून?" उत्तर ऐकून त्यांनी आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन शिरेतून द्यायला सांगितलं, बाकी सगळं नंतर. दोन-दोन दिसणं दुसऱ्या दिवशीच कमी झालं. नीट चालायला मात्र चार महिने गेले. डाव्या पावलात मुंग्या आजही येतात.

याला सहा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पण या सहा वर्षांत डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून विचारून जे समजलं, ते एका जागी लिहून ठेवायचं होतं. आपल्याकडे ऑपरेशन पुण्यात, मुंबईत, हैदराबादला किंवा संभाजीनगरला होतं आणि पुढचं आयुष्य जातं परळीत, किनवटला, वसमतला, भूममध्ये. धोका या अंतरात आहे. खाली दिलेले डोस तुमच्या डॉक्टरांकडून पक्के करून घ्या, पण प्रश्न तुम्ही विचारा. कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका.

आणि हे वाचून ऑपरेशनला घाबरू नका. ज्यांना त्याची खरी गरज आहे, त्यांची साखर, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकणं यांत मोठा फरक पडतो. स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी झालेले दिसले. मी पुन्हा त्या वळणावर उभी राहिले तर ऑपरेशन करूनच घेईन, फक्त तयारीने.

पहिली पायरी: तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय ते पाठ करा

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आतडं तसंच राहतं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची अंड्याएवढी पिशवी उरते आणि अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. मिनी बायपासमध्ये हा वळसा बहुधा आणखी लांब असतो. वळसा जितका लांब, तितकी पोषणाची तूट मोठी.

कारण अन्नातला प्रत्येक घटक आतड्यात ठरावीक जागी शोषला जातो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः सुरुवातीच्या भागात, म्हणजे नेमका जो भाग बायपासमध्ये वगळला जातो तिथे. बी-ट्वेल्व्ह शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटी, पण त्यासाठी जठराच्या अस्तरातून येणारा एक वाहक पदार्थ लागतो. जठरच कापलं की तो वाहक कमी पडतो. म्हणून स्लीव्हवाल्यांनीही "आमचं आतडं तर शाबूत आहे" म्हणून निर्धास्त राहू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे नुसतं "बायपास झालंय" म्हटलं की समोरच्याला हृदयाचं बायपास वाटतं. मीही गावात तेच म्हणाले होते, आणि डॉक्टर माझी छाती तपासत बसले. "वजन कमी करण्यासाठी पोटाचं बायपास" असं पूर्ण वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या, शाळकरी पोरालासुद्धा.

ऑपरेशनआधीच हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. माळकरी, शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह आधीच तळाला असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी ते आणखी खाली नेतात. रिकाम्या हौदावर टँकर बंद व्हावा, तशी गत होते. आधी हौद भरा, मग ऑपरेशन.

दुसरी पायरी: उलट्यांचा नियम

हा भाग दोनदा वाचा. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

बी-वन म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. खाणं बंद पडलं की दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. बी-ट्वेल्व्हचा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, बी-वनचं तसं नाही. त्यातून ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे पातळ पदार्थांवर जातात, भूक मेलेली असते, उलट्या होतात. मला त्रास सुरू झाला तो नेमका याच हिशेबाने.

आता ग्लुकोजची बाटली का घात करते ते पाहा. ग्लुकोज जाळून ऊर्जा करायला पेशीला बी-वन लागतंच. साठा संपलेला असताना शिरेतून ग्लुकोज ओतलं, तर उरलंसुरलं बी-वनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूच्या ठरावीक भागांना इजा होते. डोळे तिरळे होणं, दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, ही तिची लक्षणं. याला वर्निकेचा आजार म्हणतात. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

मेंदूसारखीच झळ हृदयाला बसते. आपल्या आजोबांच्या पिढीने बेरीबेरी हा शब्द ऐकलेला होता, बी-वन कमी पडल्याने होणारा आजार. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात हे डच डॉक्टर ख्रिस्तियान आयकमन यांनी जावा बेटावर पाहिलं, आणि त्या शोधाच्या वाटेवर त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. त्याच बेरीबेरीचा ओला प्रकार हृदयाचा असतो. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय दुप्पट जोराने पळत राहतं आणि शेवटी थकतं. पायावर सूज, धाप, वेगवान नाडी, रात्री आडवं झालं की गुदमरणं. हातपाय मात्र गरम असतात. इथे आणखी एक फसगत होते. पायाला सूज दिसली म्हणून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते, आणि त्या लघवीवाटे बी-वन आणखी निघून जातं. गोळीची गरज असू शकते, पण सोबत बी-वन हवंच. बरी गोष्ट अशी की कारण हेच असेल तर इंजेक्शननंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत हृदय सावरू लागतं.

म्हणून नियम असा.

उलटी एखाद्या दिवशी झाली तर पाहू. सलग दोन-तीन दिवस झाली, किंवा दिवसभर पाणीसुद्धा टिकलं नाही, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. जठर आणि आतडं सांधलेल्या जागी अरुंदपणा आला असेल तर दुर्बिणीने तपासावं लागतं, घरगुती काढ्याने तो सुटत नाही.

सलाईन लावायची वेळ आली तर लावणाऱ्याला हात जोडून सांगा: आधी बी-वन शिरेतून, मग ग्लुकोज. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर साधं मिठाचं सलाईन लगेच लावता येतं, त्यासाठी थांबायची गरज नाही. संशय असेल तेव्हा मोठे डोस लागतात, शिरेतून २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एक ते तीन वेळा, काही दिवस. ते डॉक्टर ठरवतील. हे औषध स्वस्त आहे. रक्तातलं बी-वन मोजायची तपासणी जागोजागी होत नाही आणि अहवाल यायला दिवस जातात, त्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत.

सोबत मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासायला सांगा. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं बी-वन नीट काम करत नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न किंवा ग्लुकोज दिलं, तरी हे क्षार झपाट्याने खाली येतात आणि हृदयाचा ठोका बिघडतो. उपाशी माणसाला हळूहळू वर आणायचं असतं.

घरात काय टाळायचं? वरण लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने बी-वन नष्ट होतं. जेवणाला लागून चहा नको. सुपारीही नको, तिच्यात आणि चहात बी-वनला निकामी करणारे घटक असतात. दारूबद्दल तर बोलायलाच नको. बायपासनंतर ती फार लवकर चढते आणि बी-वन उडवते.

तिसरी पायरी: गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावा

ऑपरेशननंतरच्या गोळ्या म्हणजे टॉनिक नव्हे. कापलेल्या जठराचं काम आता त्या करतात, आणि ते आयुष्यभराचं आहे. साधारण प्रमाण असं असतं: बी-वन रोज किमान १२ मिलिग्रॅम, धोका असेल तर ५० ते १००. बी-ट्वेल्व्ह रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. लोह पाळी येणाऱ्या बायकांना आणि बायपासवाल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम सगळं धरून १२०० ते १५०० मिलिग्रॅम. डी जीवनसत्त्व रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅमच्या (प्रति मिलिलिटर) वर जाईपर्यंत. याशिवाय तांबं आणि जस्त असलेली मल्टिव्हिटॅमिन.

कॅल्शियम घेताना पाकिटावर सायट्रेट लिहिलंय का ते बघा. नेहमीचं कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तेच आता कमी असतं. एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून भाग करून घ्यायचं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि या दोन्हींमध्ये चार तास.

माझा दिवस असा बसवलाय. पहाटे सहाला थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. साडेदहाला शाळेतल्या पहिल्या सुट्टीत खाणं, मग लिंबूपाण्याबरोबर लोह आणि मल्टिव्हिटॅमिन. त्यानंतर तासभर चहा नाही, स्टाफरूममध्ये कितीही आग्रह झाला तरी. दुपारी दोनला कॅल्शियम, संध्याकाळी साडेसहाला दुसरं, रात्री झोपताना तिसरं. मोबाइलमध्ये गजर आहेत. पहिलं वर्ष मुलगी आठवण करायची, आता हात आपोआप डबीकडे जातो.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आठ-दहा आठवड्यांचा कोर्स संपला तरी लोक ती वर्षानुवर्षं स्वतःच आणत राहतात. तसं करू नका. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंड आणि हृदयाचा ठोका दोन्ही बिघडतात. पातळी तपासून मगच पुढची पुडी.

आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही फेरिटिन वाढत नसेल तर गोळी बदलत बसण्यात अर्थ नाही. शिरेतून लोह द्यावं लागेल. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं, बाई शेतात खुरपायला जाते, जिना चढताना धापते आणि म्हणते, वय झालं. वय नाही, रक्त पातळ झालंय आणि हृदय त्याची भरपाई करतंय.

चौथी पायरी: ताटात काय वाढायचं

प्रथिनं रोज ६० ते ८० ग्रॅम. हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड, कारण पोटात एका वेळी वाटीभरही मावत नाही. म्हणून घास कोणत्या क्रमाने घ्यायचा ते ठरवा: आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी. आपल्याकडे उलटं चालतं, अर्धी भाकरी पोटात गेली की वरण ताटातच राहतं.

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागतात आणि आपण ते तेलगिरणीला देऊन मोकळे होतो. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. मटकी, हरभरा, कुळीथ मोड आणून मऊ शिजवा. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी चमचाभर घ्याच, त्यातून तांबं आणि जस्त मिळतं. पिठलं चांगलं, पण फार घट्ट नको, पहिल्या काही महिन्यांत ते सांधलेल्या जागी अडकतं. धपाटे आणि कडक भाकरी वर्षभर जपून, ताकात भिजवून.

पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने, घोटाघोटाने, दिवसाचं दीड ते दोन लिटर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला आठवड्याने पाणी येतं, तेव्हा हे पाळणं किती कठीण ते मला माहीत आहे. तरी रोजची स्वतःची बाटली वेगळी भरून ठेवा. जुलाब लागले तर लगेच ओआरएस, कारण पोटॅशियम घसरलं की ठोके चुकायला लागतात.

उपवासाबद्दल जरा स्पष्ट बोलते. आषाढी, नवरात्र, श्रावणी सोमवार, हे मीही करत आले. पण साबुदाण्यात ना प्रथिनं, ना बी-वन. नऊ दिवस साबुदाणा, बटाटा, चहा म्हणजे बी-वनचा साठा निम्मा रिकामा. पहिलं वर्ष उपवास नकोच. पुढेही धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि गोळ्या न चुकवता. तुळजापूरला अनवाणी चालत जायची माझी मानता होती. ती मी दुसऱ्या वर्षी फेडली, पिशवीत उकडलेले शेंगदाणे आणि औषधांची डबी घेऊन.

पाचवी पायरी: छातीत धडधडतंय, तर नेमकं काय ते ओळखा

ऑपरेशन झालेल्यांचे माझ्याकडे सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. प्रत्येक धडधड हृदयाची नसते, पण प्रत्येकीला वारा किंवा टेन्शन म्हणणंही चूक.

जिलेबी, पुरणपोळी किंवा गोड चहा घेतल्यावर १५ ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि आडवं व्हावंसं वाटणं, हे डंपिंग. अन्न झपाट्याने आतड्यात उतरल्याने होतं. गोड टाळलं की थांबतं. जेवणानंतर एक ते तीन तासांनी हात थरथरत असतील, भोवळ येत असेल, तर साखर खाली गेलेली असू शकते. ग्लुकोमीटर लावून पाहा.

उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर बीपी मोजा. वजन उतरलं तरी गोळी जुनीच चालू असते. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्यांचे डोस ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यांपासूनच पुन्हा ठरवावे लागतात, तेही डॉक्टरांकडून, आपल्या मनाने नाही.

विश्रांतीतही नाडी शंभरच्या वर, पायाला दाबलं की खड्डा पडतो, सपाट झोपता येत नाही, ठोके मध्येच चुकतात, शुद्ध हरपते: यातलं एकही असेल तर उद्यावर ढकलू नका. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं असोत, जे जवळ असेल तिथे जा. ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन आणि टूडी इको इतकं तरी होऊ द्या. पायाची सूज प्रथिनं कमी पडल्यानेही येते, तेव्हा अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही तपासायला सांगा.

इकोमध्ये हृदय मोठं झालेलं, त्याची पंपिंगची ताकद घटलेली दिसली आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या, झडपा ठीक असतील, तर डॉक्टरांना सेलेनियमबद्दल विचारा. चीनमधल्या केशान भागात १९३५ मध्ये तरुण बायकामुलांना हृदय निकामी करणारा आजार दिसला होता. पुढे कळलं की तिथल्या मातीतच सेलेनियम अत्यल्प आहे. लांब वळशाच्या ऑपरेशननंतरही क्वचित असं घडल्याची नोंद आहे. तपासणीशिवाय सेलेनियमच्या गोळ्या मात्र आणू नका, ते जास्त झालं की केस आणि नखं गळतात.

सहावी पायरी: शरीर स्वतःवरच उलटतं तेव्हा

रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर हल्ला करते, त्याला ऑटोइम्युन आजार म्हणतात. पोषणाची तूट झाली म्हणजे तो होतोच, असं नाही. पण ऑपरेशननंतर हे आजार आणि कमतरता एकमेकांचे मुखवटे घालून येतात, आणि गफलत होते.

सगळ्यात मोठी गफलत पायांच्या अशक्तपणाची. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हापासून हे नाव खेडोपाडी पोचलंय. त्यात प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते आणि पाय लुळे पडतात. वजनाच्या ऑपरेशननंतर उलट्या होऊन काही आठवड्यांत पाय गेले, तर चित्र हुबेहूब तसंच दिसतं, पण कारण बऱ्याचदा बी-वनची कमतरता असतं. जीबीएसचे उपचार चालू असले तरी "बी-वन दिलं का?" हा प्रश्न नातेवाइकांनी विचारलाच पाहिजे. देण्यात नुकसान नाही, न देण्यात फार मोठं आहे.

दुसरं बी-ट्वेल्व्ह. काहींच्या शरीरात जठराच्या त्या वाहक पदार्थाविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात. हा पर्निशियस अ‍ॅनिमिया. हातापायांना मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, अंधारात तोल जाणं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून झिजत राहतात.

तिसरं गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक आजार, खरं तर तोही ऑटोइम्युनच. ऑपरेशनआधी दबून असलेला हा आजार नंतर डोकं वर काढू शकतो: न थांबणारे जुलाब, न वाढणारं लोह. याची रक्ततपासणी तुम्ही गहू खात असाल तरच भरवशाची असते. आपल्याकडे कित्येक घरांत महिनोन्‌महिने फक्त ज्वारी, आणि ज्वारीत ग्लूटेन नसतं. अशा माणसाचा अहवाल खोटा निर्दोष येऊ शकतो. तपासणीआधी डॉक्टरांना ताटात काय असतं ते सांगा.

सांधेदुखीचं म्हणाल तर प्रत्येक दुखण्याला संधिवात म्हणू नये. डी जीवनसत्त्व संपलं की हाडं दुखतात. झपाट्याने वजन उतरताना युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजतो. आणि एक दुर्मीळ प्रकार असा: वळसा घातलेल्या आतड्यात जंतू माजतात, त्यांच्यामुळे प्रतिकारशक्ती चवताळते, ताप येतो, अंगावर पुवाचे बारीक फोड येतात, सांधे आळीपाळीने दुखतात. पूर्वीच्या, आता सोडून दिलेल्या लांब आतडी-बायपासनंतर हा बराच दिसायचा. प्रतिजैविकांनी तो आटोक्यात येतो. ज्यांना आधीपासूनच आमवात आहे त्यांनी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेणं कायमचं बंद करावं. बायपासनंतर त्या गोळ्यांनी जठर-आतडं सांधलेल्या जागी अल्सर होऊ शकतो, तो फुटूही शकतो. पॅरासिटामॉल चालतं. तंबाखू याच कारणासाठी सुटलीच पाहिजे.

डी जीवनसत्त्वाचं एक चांगलं संशोधन आहे. अमेरिकेत सुमारे २६,००० लोकांवर झालेल्या अभ्यासाचा हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षं रोज २००० युनिट घेणाऱ्यांत ऑटोइम्युन आजार २२ टक्क्यांनी कमी आढळले. ते लोक ऑपरेशन झालेले नव्हते, म्हणून यातून मोठं वचन काढू नका. पण आपली पातळी योग्य राखायला आणखी एक कारण मिळतं.

सातवी पायरी: केस गळायला लागले की घाई नको

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ येतात. मी रडले होते. बहुतेकांचे परत येतात. या काळात लोक बायोटिनच्या मोठ्या गोळ्या आणि जस्त आणतात, आणि दोन्हींतून नवा घोळ होतो.

बायोटिन जास्त असेल तर काही रक्ततपासण्या चुकतात. थायरॉइडचा अहवाल असा येतो की जणू थायरॉइड उसळलंय, ग्रेव्हज नावाचा ऑटोइम्युन आजारच झालाय. हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बायोटिन थांबवायचं का ते विचारा, आणि छातीत दुखून तातडीने गेलात तर "मी बायोटिन घेते" हे आधी सांगा.

जस्त जास्त झालं की तांबं खाली जातं. तांबं गेलं की पांढऱ्या पेशी घटतात, चाल अडखळते आणि सगळे बी-ट्वेल्व्हच्या मागे लागतात. ८ ते १५ मिलिग्रॅम जस्तामागे १ मिलिग्रॅम तांबं, हे प्रमाण लक्षात ठेवा.

आठवी पायरी: तपासणीच्या तारखा आणि खिशातली चिठ्ठी

तीन महिने, सहा महिने, बारा महिने, आणि मग दरवर्षी, आयुष्यभर. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-ट्वेल्व्ह, फोलेट, डी, कॅल्शियम आणि ते सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, थायरॉइड, साखर, क्षार. बायपासवाल्यांनी तांबं आणि जस्तही. मी ही तपासणी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत करते, म्हणजे तारीख विसरत नाही. अहवाल एका फाइलमध्ये लावा. एका वर्षाचा आकडा काही सांगत नाही, घसरण तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की दिसते.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबा, आणि वजन उतरताच दिवस राहण्याची शक्यता वाढते हे ध्यानात ठेवा. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, दुसरा उपाय विचारा.

चिठ्ठी मी आधारकार्डाच्या मागे ठेवते. एक घरात शीतकपाटावर, एक दिरांच्या गाडीत, एक शाळेतल्या कपाटात. तुम्ही तुमची माहिती घालून अशीच लिहा, मोठ्या अक्षरात:

"माझं वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालं आहे. प्रकार: ________. तारीख: ________. हे हृदयाचं बायपास नाही. मला उलट्या होत असतील, चालता येत नसेल, दोन-दोन दिसत असेल, मी असंबद्ध बोलत असेन किंवा पायावर सूज आणि धाप असेल, तर ग्लुकोज देण्याआधी थायमिन शिरेतून द्यावं. मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फरस तपासावं. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन देऊ नये, पॅरासिटामॉल चालतं. नळी नाकातून घालण्याआधी माझ्या सर्जनशी बोलावं. त्यांचा फोन: ________. घरचा फोन: ________."